ठासणीच्या बंदुकीचा बुडाचा पेच : आट्यांची बंदिस्ती व निगा

भंडारा जिल्ह्यात भात निसवू लागला की बांधाबांधावर मचाणी उभ्या राहतात आणि रानडुकरांच्या कळपांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी रात्रीची जागल सुरू होते. या जागलीचे मुख्य साधन म्हणजे डबा, टेंभा आणि माणसाचा आवाज. क्वचित एखाद्या घरी परवान्याची ठासणीची बंदूकही असते. पूर्व विदर्भात तिला 'भरमार' म्हणतात. भारतीय शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तोंडातून दारू व गोळी ठासून भरावयाची ही बंदूक जगातील सैन्यांनी एकोणिसाव्या शतकातच टाकून दिली. शेताच्या बांधावर मात्र ती कायद्याच्या मान्यतेने टिकून राहिली. अशा बंदुका पित्याकडून पुत्राकडे येतात, आणि त्यांतील पुष्कळशा वापरणाऱ्याच्या वयाहून जुन्या असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय या बंदुकीचा एकच अवयव आहे, आणि तो सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ठासणीच्या बंदुकीची नळी दोन्ही टोकांनी पोकळ केलेली असते. तिचे मागील टोक एका भरीव लोखंडी खुंटाने बंद करतात. या खुंटावर बाहेरून आटे पाडलेले असतात, नळीच्या आतील बाजूस त्यांना जुळणारे आटे असतात, आणि खुंट पिळून घट्ट बसविला जातो. इंग्रजीत यास ब्रीच-प्लग म्हणतात; येथे आपण त्यास 'बुडाचा पेच' म्हणू. नेम धरणाऱ्याचा डोळा या पेचापासून वीतभराच्या किंवा फार तर हातभराच्या अंतरावर असतो. नळीत पेटलेल्या दारूचा वायू पुढे गोळीला ढकलतो, तितक्याच जोराने तो मागे या पेचाला ढकलतो; त्याच्या आणि माणसाच्या मुखाच्या मध्ये आट्यांच्या काही वेढ्यांखेरीज दुसरे काही नसते.

हा जोर किती असतो, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. बारा नंबरच्या बंदुकीच्या नळीचा अंतर्व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. त्याचे क्षेत्रफळ २.६९ चौरस सेंटिमीटर भरते. काळ्या दारूने नळीत निर्माण होणारा दाब भरणीप्रमाणे बदलतो. उदाहरणादाखल तो दर चौरस सेंटिमीटरला ५०० किलोग्रॅम धरला, तर पेचाच्या मुखावर येणारा भार सुमारे १,३४० किलोग्रॅम, म्हणजे तेरा क्विंटलांहून अधिक होतो. हा भार सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरताच टिकतो, हे खरे. परंतु तो प्रत्येक बाराला येतो, आणि जुन्या बंदुकीने असे किती बार सोसले आहेत याची नोंद कोणाजवळ नसते.

हा पेच करणे किती कठीण मानले जाई, याची एक साक्ष जपानच्या इतिहासात मिळते. १५४३ मध्ये पोर्तुगीज प्रवासी तानेगाशिमा बेटावर उतरले आणि त्यांच्याजवळच्या तोड्याच्या बंदुका तेथील अधिपतीने विकत घेतल्या. तशीच बंदूक घडविण्याची आज्ञा बेटावरील लोहाराला झाली. तलवारीच्या पोलादात पारंगत असलेल्या त्या कारागिराला नळी साधली, परंतु तिचे बूड बंद करणे साधले नाही. कारण पेच आणि आटे ही कल्पनाच त्या देशात अपरिचित होती. पुढील वर्षी आलेल्या एका परदेशी कारागिराकडून ती विद्या मिळाल्यावरच जपानी बंदूक सिद्ध झाली, असे सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'तेप्पोकी' या वृत्तांतात म्हटले आहे. लोहाराने त्या विद्येच्या मोबदल्यात आपली कन्या दिली, ही त्याला मागाहून जोडली गेलेली लोककथा होय. कथेचा भाग सोडून दिला, तरी नळीपेक्षा तिचे बूड कठीण हा तिच्यातील मुद्दा यंत्रशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे.

युरोपातही दीर्घकाळ प्रत्येक कारागीर आपल्या हत्याराने आपले आटे पाडीत असे. आट्यांचा कोन व अंतर यांचे प्रमाण ठरविण्याची सूचना जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडली. त्याआधीच्या आणि गावठी कारागिरीच्या नंतरच्याही बंदुकांत एकीचा पेच दुसरीला बसेल याचा भरवसा नसतो. जुना पेच हरवला वा झिजला, तर बाजारातून दुसरा आणून बसविता येत नाही. त्या नळीपुरता तो नव्याने करावा लागतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पेचाच्या सांध्यातून वायू झिरपू नये, यासाठी काय करावे? या प्रश्नाचे जे उत्तर सामान्यतः दिले जाते ते असे, की आट्यांना काहीतरी लावावे : मेण, ग्रीस, सफेता, अलीकडे नळकामाची पांढरी फीत. घरातील पाण्याच्या नळाचा सांधा आपण असाच बंद करतो, म्हणून हे उत्तर सहज सुचते. परंतु येथे साम्य फसवे आहे. पाण्याच्या नळात दाब दर चौरस सेंटिमीटरला काही थोडे किलोग्रॅम असतो. बंदुकीत तो शेकड्यांनी मोजावा लागतो, आणि सोबत दोन हजार अंशांच्या घरातील उष्णता असते. कोणतेही मेण वा फीत एवढ्या दाबाचा वायू स्वबळावर अडवू शकत नाही.

चांगल्या बंदुकीत वायू अडविण्याचे काम आट्यांकडे सोपविलेलेच नसते. नळीच्या आत, जेथे आटे संपतात तेथे, एक अरुंद कंगोरा राखलेला असतो. पेच पूर्ण पिळला असता त्याचे सपाट मुख या कंगोऱ्यावर सर्व बाजूंनी सारखे टेकते. धातू धातूला भिडतो आणि तेथेच वायूची वाट बंद होते. आट्यांचे काम भार पेलण्याचे, कंगोऱ्याचे काम सांधा बंद ठेवण्याचे. ही कामाची वाटणी ध्यानात घेतली की पुढील सर्व गोष्टी तिच्यातून ओघाने येतात.

समजा, मुख कंगोऱ्यावर नीट टेकलेले नाही. केसाएवढी फट राहिली आहे. तर वायू त्या फटीतून पेचाच्या कडेला शिरतो, आणि दाब केवळ नळीच्या पोकळीएवढ्या क्षेत्रावर न राहता आट्यांच्या व्यासापर्यंत पसरू लागतो. वरील उदाहरणात आट्यांचा व्यास २२ मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ ३.८० चौरस सेंटिमीटर होते आणि भार १,९०० किलोग्रॅमपर्यंत चढू शकतो. म्हणजे दारू तीच, गोळी तीच, परंतु केवळ बैठक बिघडल्यामुळे पेचावरील भार सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढण्याचा संभव उत्पन्न होतो. शिवाय पेचाच्या आट्यांत भार सारखा वाटला जात नाही. भाराच्या बाजूचा पहिला वेढा एकटाच साधारण एकतृतीयांश भार उचलतो आणि पुढच्या वेढ्यांच्या वाट्यास उत्तरोत्तर कमी येतो. बुडाच्या पेचात हा पहिला वेढा म्हणजे दारूच्या अगदी जवळचा वेढा होय. फटीतून शिरणारी राख व क्षार सर्वांत आधी ज्या वेढ्याला खातात, तोच सर्वांत अधिक भार वाहत असतो.

येथे दारूच्या रसायनाचा विचार केला पाहिजे. सोरा, कोळसा व गंधक यांचे साधारणतः ७५, १५ व १० या प्रमाणातील मिश्रण म्हणजे काळी दारू. ती जळाली की तिचा सर्वच भाग वायुरूप होत नाही; वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. आपल्याला दिसणारा पांढरा धूर आणि नळीतील काळा लेप हे दोन्ही त्याचेच रूप. या अवशेषात पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट व पोटॅशियम सल्फाइड हे प्रमुख असतात. टोपीच्या बंदुकीत आणखी एक भर पडते. जुन्या पद्धतीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असते, आणि त्यापासून लोखंडास गंजविणारे क्लोराइड मागे राहते.

पोटॅशियम कार्बोनेटचा विशेष असा, की हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४३ टक्क्यांच्या वर गेली म्हणजे ते हवेतील पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागते. भंडारा जिल्ह्यातील ऋतुमान या संदर्भात पाहण्यासारखे आहे. येथे वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भाताच्या राखणीचा काळ श्रावणापासून कार्तिकापर्यंतचा. म्हणजे बंदूक उडते ती नेमकी हवा ओली असताना, तळ्याकाठच्या आणि बांध्यांतल्या दमट रात्री. बार झाल्यावर आट्यांत शिरलेला क्षार काही तासांतच ओला होतो आणि लोखंडाला चिकटून राहणारा खारा रस तयार होतो. पुढे वैशाखात हवा इतकी कोरडी पडते की तोच रस सुकून त्याचे कठीण कवच बनते. पुन्हा मृगाच्या पावसात ते ओले होते. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळ लोखंडाहून अधिक असल्यामुळे हा गंज आट्यांच्या फटीत फुगतो. परिणामी पेच हलेनासा होतो, आणि मालकाला वाटते की पेच उत्तम घट्ट आहे. गंजाने आलेली घट्टी आणि बैठकीने आलेली घट्टी हाताला सारखीच लागते. बंदुकीला मात्र सारखी नसते.

आता लावावयाच्या द्रव्यांविषयी. त्यांचा खरा उपयोग वायू अडविणे हा नसून, आट्यांतील रिकामी जागा भरून काढून तेथे क्षार व ओल शिरू न देणे आणि दोन धातू एकमेकांस धरून बसू न देणे हा आहे. एवढीच अपेक्षा ठेवली तर जुनी द्रव्येही पुष्कळ काम देतात. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. चरबी चाळिशीच्या आसपासच पातळ होते, आणि भंडाऱ्यात मे महिन्याच्या दुपारी तपमान ४५ अंशांच्या जवळ जात असल्याने नुसती चरबी उन्हाळ्यात आट्यांतून निथळून जाते. मेण व चरबी यांचे मिश्रण म्हणूनच अधिक टिकाऊ. खनिज तेल गंज रोखण्यास चांगले, परंतु ते काळ्या दारूच्या जागी राहिले तर जळून डांबरासारखी चिकट राप धरते; म्हणून दारूच्या कोठ्यात ते राहू देऊ नये.

या भागात भाताच्या बांध्यांत उतेरा म्हणून जवस घेतला जातो आणि जवसाचे तेल घरोघर परिचित आहे. शेंदूर वा सफेता जवसाच्या तेलात कालवून सांधे भरण्याची पद्धत नळकामात व बाष्पयंत्रांच्या कामात फार दिवस चालू होती. हे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन वाळते व दगडासारखे होते. बंदुकीच्या आट्यांत ते घातले, तर पुढे कधी पेच उघडण्याची वेळ आल्यास आटे सोलून निघण्याचा धोका असतो. शिवाय शेंदूर व सफेता ही दोन्ही शिशाची विषारी संयुगे आहेत. ही पद्धत सर्वस्वी सोडून द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तांबे, निकेल किंवा ग्रॅफाइट यांचे चूर्ण घातलेले जे ग्रीस आज यंत्रदुरुस्तीच्या दुकानांत मिळते, ते या कामी सर्वांत योग्य ठरते; कारण उष्णतेने ग्रीस जळाले तरी चूर्ण आट्यांच्या मध्ये शिल्लक राहते.

पांढऱ्या फितीविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. ही फीत पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन या पदार्थाची असते. त्याचा शोध १९३८ मध्ये लागला; तो बहुतेक रसायनांना दाद देत नाही आणि अतिशय गुळगुळीत असतो. १९८५ मध्ये अमेरिकेत टोनी नाइट यांनी नव्या रचनेची ठासणीची बंदूक बाजारात आणली. तिच्यात बुडाचा पेच प्रत्येक वापरानंतर काढून धुवावयाचा असतो. त्या आणि तिच्यासारख्या बंदुकांवर पेचाला या फितीचे एकदोन वेढे देण्याची रीत रूढ झाली, आणि ती अयोग्य नाही. कारण तेथे पेच वारंवार निघतो, फीत दर वेळी नवी लावली जाते व झीज लगेच डोळ्यांना दिसते. जुन्या भरमारीवर मात्र हीच फीत घातक ठरू शकते. सैल झालेल्या आट्यांवर चारपाच वेढे दिले की पेच हाताला घट्ट लागतो. पण मऊ फितीला भार पेलता येत नाही, ती फक्त सैलपणा लपविते. आटे झिजले आहेत हे सांगणारी एकमेव खूण, म्हणजे पेचाची डळमळ, तीच आपण आपल्या हाताने नाहीशी करतो. पत्र्याच्या चकत्या किंवा सुतळी घालून पेच 'बसता' करणे हा याच चुकीचा जुना प्रकार होय. भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असल्याने पितळेचा पेच करून घेण्याचा विचारही कोणाच्या मनात येईल; तोही करू नये. पितळ पोलादाहून मऊ असते, आणि खाऱ्या ओलीत पितळेला लागून असलेले लोखंड अधिक वेगाने गंजते.

मग पेच उघडावा की उघडू नये? जुन्या रचनेच्या बंदुकीत, विशेषतः जिच्या पेचाची शेपटी दस्त्यावर स्क्रूने आवळलेली असते अशीत, घरी तो कधीच उघडू नये. तो एकदा योग्य जागी बसवून कायम राहावा याच हेतूने केलेला असतो. उघडून पुन्हा लावताना तो आधीच्या जागेच्या किंचित पुढे गेला, तर शेपटी दस्त्याशी जुळत नाही. किंचित मागे राहिला, तर मुख कंगोऱ्यावर टेकत नाही. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये शस्त्रांची दुरुस्ती व कसोटी यांचा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही. म्हणून हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच गेले पाहिजे, गावच्या लोहाराकडे नव्हे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयासारख्या जुन्या संस्थांतील बंदुकांनाही हाच नियम लागू आहे, जरी तेथे कारण वेगळे असले तरी. तेथील आट्यांवर मूळ कारागिराच्या हत्याराच्या खुणा असतात व त्या एकदा पुसल्या की परत मिळत नाहीत.

पेच न उघडताही त्याची स्थिती पुष्कळ अंशी कळू शकते. प्रथम बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. गज नळीत बुडापर्यंत घालून तोंडापाशी खूण करावी, आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. खूण तोंडाशी धरली असता गजाचे टोक टोपीच्या छिद्राच्या बरेच पुढेच राहिले, तर आत भरणी आहे असे समजून थांबावे. रिकाम्या व स्वच्छ बंदुकीची ही खूण गजावर कायमची कोरून ठेवणे इष्ट. पुढे कधी गज तितका आत जाईनासा झाला, तर बुडाशी कवच साचले आहे. तो अधिक आत जाऊ लागला, तर पेच मागे सरकला असण्याचा संभव आहे आणि ती बंदूक त्याच क्षणी बाजूला ठेवली पाहिजे. पेच व नळी यांच्या सांध्यावर आडवी बारीक रेघ ओढलेली असल्यास तिचे दोन भाग एका रेषेत आहेत की नाही, हेही पाहावे. बारानंतर सांध्याभोवती किंवा तेथील दस्त्याच्या लाकडावर काजळीची कड उमटली, किंवा सांध्याशी सडक्या अंड्यासारखा वास येणारी ओल दिसली, तर वायू झिरपत आहे असे निश्चित समजावे. तो वास ओल्या झालेल्या सल्फाइडचा असतो. अशा बंदुकीला मेण नव्हे, कारागीर हवा.

नित्याच्या निगेत सर्वांत महत्त्वाची वस्तू पाणी ही आहे, आणि नेमकी तीच लोखंडाला लावण्यास लोक धजत नाहीत. क्षार तेलात विरघळत नाहीत. न धुतलेल्या नळीला तेल लावणे म्हणजे खाऱ्या ओलीवर झाकण ठेवणे होय. म्हणून ज्या दिवशी बार झाला त्याच दिवशी टोपीची निपल काढून, नळी शक्य असल्यास दस्त्यापासून सोडवून, कढत पाण्याने व चिंधी लावलेल्या गजाने ती धुवावी. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावे. कढत पाण्याने नळी तापते व उरलेली ओल स्वतःच उडून जाते. थंड पाण्याने हे साधत नाही. नंतर कोरड्या चिंध्या फिरवाव्या आणि नळी कोमट असतानाच तेलाचा पातळ हात द्यावा. निपलचे आटे हे बुडाच्या पेचाचे धाकटे भावंड. ते मात्र मालकाने दर वेळी स्वतः उघडावे, घासावे व चूर्णयुक्त ग्रीसचा कण लावून परत बसवावे. पुन्हा भरण्यापूर्वी कोरडी चिंधी घालून कोठ्यातील तेल काढून घ्यावे.

एक इशारा विषयाला सोडून वाटला तरी द्यावयास हवा. याच जिल्ह्यात जवाहरनगर येथे १९६४ मध्ये आयुध निर्माणी सुरू झाली. तेथे होणारी आधुनिक प्रणोदके आणि काडतुसांतील धूरविरहित दारू ही नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली असतात. काडतूस फोडून त्यातील दारू भरमारीत घालण्याचा मोह काहींना होतो. तिचा दाब काळ्या दारूच्या कित्येक पट चढू शकतो, आणि वर मांडलेले सर्व गणित त्यापुढे निरर्थक ठरते. चांगला पेचही तेथे टिकत नाही.

हंगाम संपल्यावर बंदूक तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे तेल बुडाशी उतरून कोठ्यात साचत नाही व दस्त्याचे लाकूडही कुजत नाही. चुलीजवळची भिंत किंवा ओलीची खोली टाळावी. कातड्याच्या खोळीत तर दीर्घकाळ ठेवूच नये, कारण कमावलेल्या कातड्यातील क्षार व आम्ल लोखंडाला लागते. मृग निघण्याच्या आधी, ज्येष्ठात, एकदा नळीत प्रकाश टाकून बुडाशी गंजाचा तांबूस घेर दिसतो का हे पाहावे व गजाची खूण ताडून घ्यावी. घेर दिसल्यास पिके निसवण्यापूर्वी परवानाधारक कारागिराकडे जाण्यास तीनएक महिने हाताशी राहतात.